फिरून आलेली बाई प्रश्न विचारते

मैत्रिणींनो, एक सोपा हिशेब करा. गेल्या वर्षभरात तुम्ही गावाबाहेर किती वेळा गेलात? आता त्यातून लग्न, बारसं, तेरवी, दवाखाना, मुलांची परीक्षा आणि देवदर्शन वजा करा. काय उरलं? बहुतेकींच्या हिशेबात शून्यच उरेल.

आपण बायका फिरत नाही असं नाही. फिरतो, पण कारण असेल तरच. नागपूर पाहिलं ते सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. पुणं पाहिलं ते मुलाच्या अॅडमिशनला. देवाला गेलो तरी नवस फेडायचा होता म्हणून. पुरुषाचं तसं नसतं. 'जरा जाऊन येतो' म्हटलं की चपला पायात. आपण 'जरा जाऊन येते' म्हणून तर बघा! कुठं? कोणासोबत? केव्हा येशील? आणि शेवटचा, हुकमी प्रश्न, स्वयंपाकाचं काय?

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. वर्षातून एक दिवस तरी बाईनं विनाकारण फिरायला जावं. 'विनाकारण' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. नवस नको, आजारपण नको, कोणाचं लग्न नको. नुसतं बघायला जायचं. 'त्यानं काय मिळतं?' असं कोणी विचारेल. काय मिळतं, तेच सांगण्यासाठी हा लेख.

मी गडचिरोलीत राहते, माहेर चंद्रपूरचं. आमच्या बचत गटाच्या अकरा जणींनी दोन वर्षं महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकले. कर्जाचा हिशेब वेगळा, हा वेगळा. वहीत नाव दिलं होतं 'सहल'. प्रत्येकीचे चोवीसशे रुपये जमले आणि गेल्या हिवाळ्यात, धान निघाल्यावर, मुंबई ठरली. सगळ्यात लहान सव्वीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू त्रेसष्टच्या. समुद्र अकरापैकी दोघींनीच पाहिलेला.

घरोघरी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. 'मुंबईत बाया हरवतात', 'सोबत माणूस कोण आहे?' एका घरी सासूबाईंनीच तो प्रश्न निकालात काढला. म्हणाल्या, "अकरा जणी हायेत. आनखी माणूस कायले पायजे?" अशा सासवा गावोगावी निघोत!

आमच्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा. म्हणून एसटीनं नागपूर गाठलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. नागपूरहून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस, स्लीपरचा डबा, घरून नेलेल्या पुऱ्या, चटणी आणि चिवडा. सकाळी मुंबई. दिवसभर फिरून रात्री परतीची गाडी. म्हणजे दोन रात्री गाडीत आणि एक दिवस मुंबईत. लॉजचा खर्चच नाही. तोंड धुणं, साड्या बदलणं, सगळं स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये.

गाडीतून उतरल्यावर सगळ्या जणी घाईनं बाहेर निघतात. आम्ही बाहेर येऊन मागं वळून पाहिलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची ती इमारत १८८७-८८ च्या सुमारास पूर्ण झाली आणि २००४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानंफुलं पाहून काकू म्हणाल्या, "हे तं देवळावानी हाय वो." खरंच होतं ते. मार्कंड्याच्या देवळावर नजर फिरवत मोठी झालेली बाई दगडातलं काम लगेच ओळखते. तिला कोणी गाईड लागत नाही.

तिथून गेटवे ऑफ इंडिया. चित्रात शंभरदा पाहिलेलं. त्याची गोष्ट मात्र गमतीची आहे. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात मुंबईच्या बंदरात उतरले, त्यांच्या स्वागताची आठवण म्हणून हा दरवाजा. पण राजा आला तेव्हा दरवाजा तयारच नव्हता! जॉर्ज विटेट यांचं डिझाइन मंजूर झालं १९१४ साली आणि दरवाजा खुला झाला ४ डिसेंबर १९२४ ला. पुढं २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रज सैन्याची शेवटची तुकडी याच दरवाज्यातून परत गेली. येणाऱ्यांसाठी बांधलेला दरवाजा जाणाऱ्यांच्या कामी आला, हे आम्हाला फार आवडलं.

मला तिथं चंद्रपूर आठवलं. आमचं गाव गोंड राजांच्या परकोटाच्या आत वसलेलं. चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा गेटखालून आम्ही रोज शाळेत गेलो, पण मान वर करून ते गेट कधी बघितलं नाही. राणी हिराईनं महाकालीचं मंदिर बांधलं, नवऱ्याची समाधी बांधली, कारभार पाहिला. तिची समाधी पाहायला किती जणी गेल्या असतील? बाहेरगावचं बघितलं की घरचं बघायची नजर येते, हा फिरण्याचा पहिला फायदा.

आता नावेची गोष्ट. लेखाचा जीव तिथंच आहे.

गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीला लाँच जाते. एलिफंटा म्हणतात ते हेच. अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ तासाभराचा. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. लाँचवर चढताच प्रत्येकीच्या हातात नारंगी रंगाचं लाइफ जॅकेट आलं. पदरावरून ते घालायचं म्हणजे हसण्याचा नुसता धुमाकूळ. 'फोटो काढू नको गं, म्हशीवानी दिसते' वगैरे. लाँच निघाली आणि मग एकेक जण गप्प झाली. मागं ताजमहाल हॉटेल आणि गेटवे लहान लहान होत गेले. एका बाजूला नौदलाच्या राखाडी युद्धनौका, दूरवर तेलाची अवाढव्य जहाजं, पलीकडं न्हावा-शेव्याच्या बंदराच्या क्रेन. पांढरे पक्षी लाँचच्या मागं मागं. ओठावर खारट चव.

या बंदराची आणि आमची एक जुनी ओळख निघाली, ती सागवानाची. इथं वाडिया नावाच्या पारशी घराण्यानं १७३६ पासून पिढ्यान्पिढ्या लाकडी जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. ते मलबारच्या सागवानाचं. आलापल्लीच्या सागवानाजवळ राहणाऱ्या आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. सागवान पाण्याला दाद देत नाही, हे आमच्या सुताराला विचारा. पण त्याच लाकडाचं दोनशे वर्षं टिकणारं जहाज होतं, हे मात्र लाँचवर बसल्यावर नीट कळलं.

घारापुरीला उतरलो. छोट्या गाडीत बसायची हौस भागवली. मग शंभराच्यावर पायऱ्या. काकू दोनदा टेकल्या, पण चढल्या. लेणी साधारण सहाव्या शतकातली. आत अंधारात ती तीन मुखांची महेशमूर्ती, सुमारे वीस फूट उंच. आमच्या बडबड्या गटातून पाच मिनिटं कोणी बोललं नाही. शेजारी अर्धनारीश्वर, अर्धा पुरुष, अर्धी बाई. "देवानं अर्धा वाटा दिला, सातबाऱ्यावर मात्र नाही आला," असं एकजण हळूच म्हणाली. तिच्या नवऱ्याच्या नावावर पाच एकर आहे, तिच्या नावावर काही नाही. लेण्यात उभं राहून सातबारा आठवणं, हे आपणच करू जाणे!

पायऱ्यांवर काकडी-कैरी विकणाऱ्या एका बाईपाशी आम्ही टेकलो. बोलणं सुरू झालं. बेटावर तीन वस्त्या आहेत, राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर. तिथं कायमची वीज कधी आली माहीत आहे? फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली तेव्हा. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर. मुंबईचे दिवे रात्रभर समोर चमकताना दिसायचे आणि इथं अंधार! ती म्हणाली, "पावसात समुद्र खवळला की होडी बंद. बाळंतीण असो की आजारी, पाण्याकडं बघत बसायचं."

आम्ही अकरा जणी एकमेकींकडं बघत राहिलो. हे तर आमचंच बोलणं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आम्ही दर पावसाळ्यात वाचत आलो. गोसीखुर्दचं पाणी सोडलं की वैनगंगेकाठची गावं जीव मुठीत धरतात. सिरोंचाला गोदावरीवर पूल झाला २०१६ साली. त्याआधी पलीकडं कालेश्वरला जायचं म्हणजे नावच. आम्हाला वाटायचं, आपण मुंबईपासून हजार किलोमीटर लांब, म्हणून आपल्याकडं उशिरा येतं सगळं. घारापुरी तर दहा किलोमीटरवर आहे! मग लांब असणं म्हणजे नेमकं काय? ज्याचा आवाज पोचत नाही, तो लांब.

परतीच्या लाँचवर आमच्यातली एक ताई जॅकेट घालून शांत बसली होती. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. लहानपणापासून डोंग्यानं नदी ओलांडून पलीकडच्या शेतात मिरची तोडायला, धान कापायला गेलेली. येताना आम्ही कठडा घट्ट धरून बसलो होतो, ही एकटी मोकळी होती. तिनं जॅकेटचा पट्टा चाचपत विचारलं, "इथं फिराले आलेल्या लोकाईले जाकीट भेटते. आमच्याकडं कामाले जाणाऱ्या बाईले काहून नाही भेटत?"

या प्रश्नाला त्या लाँचवर कोणाकडंच उत्तर नव्हतं.

२०२४ हे एकच साल घ्या. २३ जानेवारीला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला वैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी गेल्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची इंजिनाची चाचणी चाललेली वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली. बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्या अपघातानंतर लगेच, दुसऱ्याच दिवसापासून, मुंबईच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. आमच्या अंगावरची नारंगी जॅकेटं त्या पंधरा जणांमुळं आली होती.

मुंबईत नियम झाला हे चांगलंच झालं. जीव सगळ्यांचा सारखाच, त्यात हेवा करण्यासारखं काही नाही. पण मग गणपूरच्या सहा जणींमुळं आमच्या नदीवर काय आलं? बातम्या आल्या, पुढारी येऊन गेले. त्यानंतर मी वैनगंगेच्या तीन घाटांवर गेले आहे. एकाही डोंग्यात मला जॅकेट दिसलं नाही. साधी हवा भरलेली ट्यूबसुद्धा नाही. डोंगा चालवणारा ढिवर दादा म्हणतो, "ताई, माझ्या बापानं बी असाच चालवला." त्याचंही खरं आहे. त्याच्याकडं पैसे कुठून येणार?

जंगलाचंही तेच आहे, बघा. ताडोबात वाघ पाहायला लांबून लांबून लोक येतात. जिप्सी असते, गाईड असतो. आता तर बायकाही गाईड म्हणून काम करतात, त्याचा मला अभिमान आहे. गाडीतून उतरायचं नाही असा कडक नियम. आणि त्याच जंगलाच्या दुसऱ्या टोकाला आपली बाई पहाटे चारला उठून तेंदूपानं तोडायला पायी जाते. तिच्यासोबत कोण असतं? वाघ दोघांनाही दिसतो. एकाला तो फोटोत हवा असतो, दुसरीला तो दिसूच नये असं वाटतं. हौशीनं जाणाऱ्याची काळजी घेतली जाते आणि पोटासाठी जाणारीला 'जपून जा' एवढंच सांगितलं जातं. ही तफावत मला डोंग्याच्या घाटावर वर्षानुवर्षं दिसली नव्हती असं नाही, पण सवयीचं झालेलं खटकत नाही. लाँचवर अंगात जॅकेट घातल्यावर ती ताईला खटकली, आणि मग आम्हा सगळ्यांना.

म्हणून मी म्हणते, फिरणं ही चैन नव्हे. घरात बसून बाईला वाटतं, असंच असतं सगळीकडं. दुसरीकडं वेगळं असतं हे डोळ्यांनी बघितलं की ती विचारू लागते, आमच्याकडं का नाही? भाषणानं हे होत नाही. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांवरही होत नाही. मी बचत गटांची कितीतरी शिबिरं पाहिली. त्यांत 'आपले हक्क' यावर तासभर ऐकून बायका जांभया देत घरी जातात. मुंबईच्या लाँचवर एका तासात जे कळलं, ते फळ्यावर लिहून कळलं नसतं.

काही जणी म्हणतील, 'पैसे कुठं आहेत?' खरं आहे, सगळ्यांकडं नाहीत. म्हणून तर महिन्याला शंभरची गोष्ट सांगितली. ज्यांना तेही जमत नाही, त्यांनी मुंबईच गाठावी असं नाही. बल्लारपूरचा किल्ला आहे, मार्कंडा आहे, सोमनूरला इंद्रावती आणि गोदावरीचा संगम आहे. एसटीच्या अर्ध्या तिकिटात होतं. अट एकच, सोबत मुलं नकोत, डबा पुरुषांसाठी करून ठेवायचा नाही, आणि घाईनं परतायचं नाही. काही जणी म्हणतील, 'लोक काय म्हणतील?' लोक आमच्याबद्दलही बोलले. परत आल्यावर आठ दिवस बोलले. नवव्या दिवशी त्यांच्यातल्याच दोघींनी विचारलं, पुढच्या वेळी आम्हाला घ्याल का?

आणि एक आक्षेप माझ्या ओळखीच्या एका शिकलेल्या बाईनं घेतला. 'गरीब बायकांनी पैसे असे उडवू नयेत, कोंबड्या घ्याव्यात, शिलाई मशीन घ्यावी.' याचा मला खरंच राग येतो. गरीब बाईनं केलेला प्रत्येक खर्च कमाईतच बदलला पाहिजे, हा नियम कोणी केला? श्रीमंत बाई फिरून आली की तिला कोणी विचारत नाही, 'यातून उत्पन्न किती झालं?' आमच्या गटात कोंबड्याही आहेत आणि मशीनही आहे. समुद्रही असू द्या की!

त्या संध्याकाळी गाडीच्या आधी दोन तास आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो होतो. सूर्य पाण्यात जात होता. नदीकाठच्या बायका त्या, त्यांची नजर सारखी पैलतीर शोधत होती. "ह्याले पलीकडचा काठच नाही वो," काकू म्हणाल्या. अर्धा तास कोणी उठलं नाही. घरी असतो तर ती वेळ दिवाबत्तीची आणि कणीक मळायची.

परत आल्यावर आम्ही काय केलं, ते सांगते. गटाच्या बैठकीत त्या ताईचा प्रश्न जसाच्या तसा वहीत लिहिला. मग माहिती काढली. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आपल्याकडं ती बरेचदा कागदावरच होते, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. यावेळी त्या गावच्या बायका सभेला जाऊन बसल्या आणि ठराव मांडला. घाटावरच्या प्रत्येक डोंग्यात बसणाऱ्यांइतकी जॅकेटं ग्रामपंचायतीनं घ्यावीत, ती घाटावरच ठेवावीत आणि डोंग्यात किती जणांनी बसायचं तो आकडा रंगानं डोंग्यावर लिहावा. एवढंच. एका जॅकेटची किंमत बऱ्यापैकी साडीएवढी. पूल होईल तेव्हा होईल. तोवर मिरचीचा हंगाम थांबणार नाही, आणि नदीही थांबणार नाही.

ठराव लिहून झाला आहे, जॅकेटं अजून आलेली नाहीत. बायका दर सभेला जाऊन विचारणार आहेत. ज्या गावात डोंगा आहे, तिथल्या मैत्रिणींनी हा ठराव आपल्या गावात उचलावा, त्यातले शब्द वापरावेत, आमची हरकत नाही. आणि ज्यांच्या गावात नदी नाही, त्यांनी निदान एक वही काढून पहिल्या पानावर 'सहल' असं लिहावं आणि या महिन्याचे शंभर रुपये टाकावेत. कुठं जायचं ते नंतर ठरवता येईल.